शंभरावर बांधलेली गती

प्रति,
मा. कक्षप्रमुख,
सागर सूचना कक्ष,
मिरजोळे, जि. रत्नागिरी.

विषय: संदेशवाहक संगणकाच्या लिंकची गती शंभरावर न बांधता ‘ऑटो’ राहू देणेबाबत.

संदर्भ: १) आपला आदेश, दि. ११ जुलै. २) अर्जदाराची विनंती, दि. १३ ऑगस्ट. ३) आपले ज्ञापन, दि. १६ ऑगस्ट.

महोदय,

उपरोक्त विषयी सविनय सादर करण्यात येते की, अर्जदार विनीत आप्पा पालशेतकर, रा. वेलदूर, ता. गुहागर, हा आपल्या कक्षात कंत्राटी तंत्रज्ञ आहे. त्याला यंत्राची भाषा येते, कचेरीची येत नाही. म्हणून हा अर्ज त्याची मावशी, तहसील कचेरीतून निवृत्त झालेली अव्वल कारकून, त्याच्या सांगण्यावरून लिहून देत आहे. एकतीस वर्षे दुसऱ्यांच्या अर्जांवर शेरे मारले. भाच्यासाठी लिहिताना कोठे जीभ घसरली तर वय पाहून सोडून द्यावे.

१. वादळवाऱ्याच्या सूचना होड्यांपर्यंत पोचवणे हे कक्षाचे काम. त्या सूचना मिरजोळ्याच्या संगणकात येतात, तेथून एका वायरीने (हीच ती लिंक) भिंतीपलीकडच्या खोलीत दुसऱ्या खात्याच्या स्विचमध्ये, म्हणजे वायरी जोडणाऱ्या पेटीत, जातात, आणि पुढे अंजनवेलच्या मनोऱ्यावरून समुद्रावर. संगणकात या सूचनांचे तुकडे, म्हणजे पॅकेटे, पुढे ढकलणारे सॉफ्टवेअर ओपन सोर्स आहे, म्हणजे जगभरच्या लोकांनी मिळून लिहिलेले आणि कोणालाही फुकट वापरता येणारे. वायरीची दोन्ही टोके सुरू होताना एकमेकांना विचारून गती ठरवतात. यालाच ‘ऑटो’ म्हणतात. तीन वर्षे हे बिनबोभाट चालले होते.

२. जुलैत तपासणी झाली. नोंदवहीच्या ‘गती’ या रकान्यात अर्जदाराने ‘ऑटो’ असे लिहिले होते. पथकाने त्यावर लाल शाईने ‘आकडा नाही’ असा शेरा मारला. आपण अर्जदाराला बोलावून खुलासा विचारला. दोन यंत्रे आपसात ठरवतात हे ऐकल्यावर आपण म्हणालात, “सरकारी यंत्र दुसऱ्या खात्याच्या यंत्राशी परस्पर घासाघीस करणार नाही. आकडा टाका.” निविदेत सेकंदाला शंभर मेगाबिट होते, म्हणून शंभर. बांधायची तर दोन्ही टोके बांधावी लागतात, नाहीतर दोन्ही मोकळी ठेवावी लागतात, असे अर्जदार पुटपुटला. त्यावर पलीकडचे टोक आपल्या जडवस्तू नोंदवहीत नाही, असे त्याला सांगण्यात आले. ऑगस्टअखेर त्याच्या कराराचे नूतनीकरण होते. त्याने मुकाट्याने सेटिंगच्या ओळीत शंभर टाकले आणि रकान्यातही लिहिले. धोका तोंडी सांगितला, लेखी दिला नाही, ही त्याची चूक. कचेरीत तोंडी सांगितलेले वाऱ्यावर जाते हे त्याला घरात कोणी शिकवले नव्हते. तो दोष माझा.

३. तेव्हापासून आपले टोक कोणाला काही विचारत नाही आणि पलीकडच्याने विचारले तर उत्तरही देत नाही. पलीकडचा स्विच शंभर ओळखतो खरा, पण उत्तर न मिळाल्यामुळे एका वेळी एकानेच बोलायचे असे धरून चालतो. आपला संगणक मात्र बोलतो आणि ऐकतो एकाच वेळी. गर्दी नसली की निभावते. गर्दी झाली की दोघांची टक्कर होते, पॅकेटे गळतात, पुन्हा पाठवली जातात, पुन्हा गळतात. लिंकचा दिवा मात्र हिरवाच राहतो. आणि साहेब, सूचनांची गर्दी होते ती हवा बिघडल्यावरच. जुलैत मासेमारी बंद होती, होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या होत्या, त्यामुळे आपली चाचणी झकास पार पडली.

४. १२ ऑगस्ट रोजी सकाळी १०.१० वाजता जोरदार वाऱ्याची सूचना कक्षात आली. वेलदूरच्या होड्यांना ती ११.३५ वाजता मिळाली. तोपर्यंत वारा त्यांच्या अंगावर येऊन गेला होता. त्यातील एका होडीवर अर्जदाराचे वडील आप्पा हे तांडेल, म्हणजे होडीचे प्रमुख, होते. जाळे कापून टाकावे लागले, त्यांचा खलाशी सोनू याचा हात मोडला, आणि होडी दुसऱ्या होडीला बांधून ओढत आणावी लागली. संध्याकाळी आप्पांनी मुलाला फोन केला. ते रागावले नाहीत, हे विशेष. एवढेच म्हणाले, “तुझ्या मशिनीचा दिवा हिरवा हाय ना? मग आमच्याकडं का काय येत नाय?” त्याच दिवशीच्या अहवालात कक्षाने लिहिले आहे: लिंक चालू, गती शंभर, कामकाज समाधानकारक.

५. अर्जदाराने दुसऱ्याच दिवशी लेखी विनंती केली. सॉफ्टवेअरच्या कंपनीचे पत्र जोडावे, असे उत्तर आले. कंपनी नाही, असे त्याने कळवले. मग उत्पादकाचे जोडावे, असे उत्तर आले. त्याने सॉफ्टवेअरच्या माहितीपुस्तिकेतील नेमके पान छापून जोडले. त्यावर शिक्का नाही म्हणून ते परत झाले. हे लिहिले कोणी, अशी विचारणा झाली. जगभरच्या लोकांनी, असे त्याने सांगितल्यावर त्यांचे पूर्ण पत्ते मागवण्यात आले. मी नोकरीत असताना मीही लोकांना पुष्कळ नाचवले आहे, पण इतके नाही. भिंतीपलीकडच्या खात्याने लिहिले की त्यांचे टोक ‘ऑटो’ आहे, बरोबर आहे, आणि त्यांची काही तक्रार नाही. त्यांच्या खोलीला कुलूप आहे.

६. १६ ऑगस्टच्या ज्ञापनाने आपण चार गोष्टी ठरवल्या. जो विनापरवानगी सेटिंग बदलेल त्याचा करार तत्काळ संपेल. अर्जदाराने मुख्यालय सोडू नये. बाहेर कोणी विचारले तर ठरवून दिलेलेच वाक्य बोलावे. आणि लिंक चालू असली तरी अधिकची खबरदारी म्हणून त्याने त्रेसष्ट तांडेलांना फोन करून सूचना वाचून दाखवाव्यात. महोदय, खोल समुद्रात फोन लागत नाही, हे रत्नागिरीत शेंबड्या पोरालाही माहीत आहे. तरी अर्जदार खुर्चीत बसून फोन लावतो. समोरच्या पडद्यावर ती ओळ दिसत असते. बदलायला अर्धे मिनिट लागेल. ना हात लावता येत, ना उठून जाता येत, ना कोणाला खरे सांगता येत.

त्याची आई तुळसा, म्हणजे माझी धाकटी बहीण, रोज सकाळी फोन करून विचारते, “आज ह्यांना सोडू काय?” बाहेर काय बोलायचे हे ज्ञापनात ठरवून दिलेले आहे. सतरा तारखेला अर्जदाराने आपल्या जन्मदात्या आईला सांगितले, “प्रणाली चालू आहे.” फोन ठेवून तो कक्षात बसून रडला. कामकाजाच्या नोंदवहीत याची नोंद नाही, म्हणून येथे घेतली.

७. आज सकाळी नऊ वाजता उद्याच्या सोसाट्याच्या वाऱ्याचा अंदाज आला आहे. ९.२० वाजता अर्जदाराने ओळीतला आकडा काढून तेथे ‘ऑटो’ केले. त्यानंतर पाचशे चाचणी संदेश एकदम सोडले. पाचशेही पोचले, एकही गळला नाही. परवानगी त्याने मागितली नाही, कारण ती मिळायला किती दिवस लागतात हे त्याला आता कळले आहे. हे त्याने स्वतः होऊन लिहवून घेतले. मी ‘तांत्रिक बिघाडाने आपोआप झाले’ असे लिहू म्हटले, तर तो माझ्यावर उखडला.

सबब, ज्ञापनानुसार अर्जदाराला आजच सेवेतून कमी करावे. त्याची हरकत नाही, दाद मागण्याचा हक्कही तो सोडतो. विनंती एकच, की माणूस काढावा, ओळ काढू नये. आणि ती काढून पुन्हा शंभर घालायचेच असेल, तर उद्या पहाटे वेलदूरहून सुटणाऱ्या होड्यांना तसे आपण स्वतः कळवावे. कळवायला अर्जदार तेथे नसेल.

आपला नम्र, आणि हे वाचून होईपर्यंत आपल्याच सेवेतील,

(सही)
विनीत आप्पा पालशेतकर

लिहून देणार: विमला हातिसकर, निवृत्त अव्वल कारकून

मिरजोळे, दि. १९ ऑगस्ट २०२५

सोबत:
१) १२ ऑगस्टच्या सूचनेची पाठवल्याची व पोचल्याची वेळ, प्रत.
२) माहितीपुस्तिकेचे पान, बिनशिक्क्याचे.
३) पाचशे संदेशांच्या चाचणीचा निकाल.
४) कक्षाच्या दाराची किल्ली, नग एक.