मोटारीची आंघोळ

आप्पा,

मोटार सुरू करू नका. मोहोळचे उतारू आले तर आज दुसरी गाडी बघा म्हणावं. तेल मोजायची पट्टी काढून बघितली, तर इंजिनातलं तेल ताकासारखं पांढरं झालंय. पाणी शिरलंय. तसंच चालवलं तर इंजिन जाम होईल. नवं तेल आणायला सात रस्त्याला जातोय.

काल खंडेनवमीला तुम्ही तिला बैलासारखी घागरीनं आंघोळ घातलीत, तेव्हा बॉनेट आणि आतलं तेलाचं झाकण मीच उघडं ठेवलं होतं. मनाला लावून घेऊ नका.

अव्वा होती तोवर पूजा तीच करायची, फुलानं चाकावर नुसतं पाणी शिंपडून. हे मला आज शेजारच्या पार्वतम्मांनी सांगितलं. इतकी वर्षं आपल्याच दारात पूजा व्हायची, आपण दोघांनी, तिच्या नवऱ्यानं आणि मुलानं, एकदाही बघितली नाही.

शिवलिंग