न विचारता ऐकवलेला आवाज

८ मार्च

चि. कानसेनबाईस, अ. उ. आ.

तू सातवीत असताना म्हणाली होतीस, की दादाचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत येतो म्हणून मला अंधाराची भीती वाटत नाही. त्याच आवाजाची तू दवाखान्यात लक्तरं टांगलीस! फोनवर निरोप बोलून पाठवला होता तो तुला झापायला. माझ्या तब्येतीवरून बायकोचे कान भरू नकोस, हे सांगायला. तो तू सहकाऱ्यांना वाजवून दाखवलास. तुझ्या वहिनीने सांगितलं म्हणून कळलं.

बाजारात लिलाव पुकारतो मी. घसा बसणारच, सुताराच्या हाताला घट्टे पडतात तसा. डॉक्टर म्हणणार, महिनाभर तोंड उघडू नका. आणि दुसऱ्याच दिवशी मालक माझ्या जागी आपला भाचा उभा करणार. मग तुझे कान घर चालवणार का? यापुढे फोन बंद. जे काय ते पत्राने.

आशीर्वाद आहेतच, पोटातली माया सध्या घुश्शात आहे.
दादा

१४ मार्च

ती. दादास, सा. न.

विचारायला हवं होतं. माफी मात्र मागणार नाही. विचारलं असतं तर तू ऐकवू दिला असतास?

आवाज ऐकून घशात बिघाड आहे का हे ताडणं माझं रोजचं काम, पण तुझ्या बाबतीत माझाच कान मला खरा वाटेना. बहिणीचा कान घाबरून नसलेलंही ऐकतो. म्हणून तुझा निरोप रुग्णांच्या आवाजांत मिसळला, कोणाचा ते सांगितलं नाही. शब्दांकडे आमच्यात कोणी लक्ष देत नाही, तेव्हा तुझ्या शिव्या शाबूत आहेत. माझ्या दोघी सहकारिणींनीही खरखर आणि आवाजातून निसटणारी हवा, दोन्हींपुढे सर्वांत वाईट शेरा दिला. वर त्यांतल्या थोरलीने विचारलं, हे आजोबा कोण? आजोबा! अजून पन्नाशी गाठली नाहीस तू. मी उठले आणि उगाचच हात धूत राहिले.

बसलेला घसा सुट्टीत सुटतो रे. तुझा हिवाळ्यापासून सुटलेला नाही. आत काय आहे ते कानाला कळत नाही. सूज असेल, गाठ असेल, साधंही काही असेल. ते दुर्बिणीतूनच दिसतं. आणि तू घाबरतोस कोणाला, तर मालकाच्या भाच्याला! वहिनीपुढे, मुलींपुढे तो मोठा झाला? इतका संताप येतो, की तू समोर असतास तर दंडाला धरून ओढत नेलं असतं.

गुरुवारी सकाळी डॉक्टरांकडे तुझं नाव घातलंय. हेही न विचारताच. लोभ कमी केलास तरी चालेल. तू येणार नाहीस, हे लिहितानाच कळतंय. तरी ये. मी दाराशी उभी असेन.

तुझी,
धाकटी