स्क्रीनवरची टिकली

गार्गी,

तू घेऊन दिलेल्या नव्या गाडीची चावी फ्रिजवर ठेवली आहे. तुझ्या आईले घेऊन मी जुन्याच गाडीनं नंदनवन कॉलनीले चाललो. रुसू नको.

खापरखेड्याच्या वीज केंद्रात, कंट्रोल रूममध्ये तीस वर्षं मी न पाहता बटनं दाबली. या गाडीत एसीचं बटन स्क्रीनवर, बोटाले लागतच नाही. म्हणून त्या जागी आईची टिकली चिकटवली होती. काल वाडीजवळ टिकली दाबली, तर स्क्रीन बदललेली होती. गाणं लागलं. मी एसी शोधत राहिलो. मान वर केली तर ट्रक हातभर अंतरावर. कसाबसा ब्रेक लागला.

आई बाजूले झोपली होती. दचकून म्हणे, "काहून थांबवली?" मी म्हटलं, कुत्रं आडवं आलं.

आईनं तुले विचारलं तर तूही कुत्रंच सांगजो.

बाबा