उंबऱ्यातली म्हातारी

११ फेब्रुवारी

गेले शेवटी! तेवीस वर्षं त्या गल्लीला वळसा घालून जायचे, आज सरळ दारातून आत गेले. इलाज नव्हता. रायकानताई रिटायर होऊन लेकाकडे बिश्केकला गेली. आता अख्ख्या गावाला नर्स मी एकटी. उलकान आपाला रोज दोन इंजेक्शनं. पाय चार वर्षांपूर्वीच गेलेत, आता दुसऱ्या झटक्यात उजवा हातही गेला.

उंबरा तोच. मधोमध झिजलेला. पाय उचलताना खाली बघितलं — कोणी आडवं पडलंय का! मूर्ख बाई.

सुनेनं, चोलपोननं, चहा आणून ठेवला. प्यायले नाही. म्हातारीनं मला ओळखलं की नाही, कळलं नाही. डोळे मिटूनच होती. मी जाड सुई घेतली. पिशवीत बारीक होती. तरी जाड घेतली. कोणाला सांगणार नाही, म्हणून इथे लिहिते.

१२ फेब्रुवारी

सकाळी बर्फावर घसरले. मनगट मुरगळलं, तेही उजवं. आईला सुईचं काही सांगितलेलं नाही, तरी चुलीपाशी बसून म्हणते कशी, "देवाच्या काठीला आवाज नसतो."

देवाला माझ्या सुईचा नंबर बघत बसायला वेळ आहे? असेल बाई. आज बारीक घेतली.

१५ फेब्रुवारी

बेगाइमला नारीनच्या हॉस्पिटलात ठेवून घेतलं. जावयाचा फोन. सातवा महिना, बीपी एकशे साठ, पाय सुजलेत. गेल्या वर्षीचं पाचव्या महिन्यात गेलं होतं. हे जायला नको. हे गेलं तर पोरगी उभी राहायची नाही.

आईनं लगेच बोटांवर मोजायला घेतलं. माझं अकरा महिन्यांचं बाळ गेलं — एक. नवरा, मारात, रशियात परांचीवरून पडून गेला — दोन. बेगाइमचं पहिलं — तीन. "आणि आता हे. अगं, म्हातारीला ओलांडून आलीस, ते अजून फिटलं नाही. ती जिवंत आहे तोवर शाप मागे घ्यायला लाव. मेल्यावर कोण घेणार?"

मी ओरडले तिच्यावर. बीपीला शाप लागत नाही म्हणाले, मीठ लागतं. मग न्हाणीत जाऊन रडले.

१६ फेब्रुवारी

काय झालं होतं ते एकदा सरळ लिहून टाकते. डोक्यात फिरत राहण्यापेक्षा बरं.

मी वीस वर्षांची. बसथांब्यावरून बोलोत आणि त्याच्या तीन मित्रांनी उचलून गाडीत घातलं. लग्नासाठी! त्याच्याशी आयुष्यात चार वाक्यं बोलले नव्हते. घरी नेऊन पडद्यामागे बसवलं. बायका डोक्याला सुनेचा पांढरा रुमाल बांधायच्या, मी फेकायचे. पुन्हा बांधायच्या, पुन्हा फेकायचे. सगळ्या हसत होत्या. "आम्हीही अशाच रडलो, नंतर चांगलं होतं." दुपारी मी उठले आणि दाराकडे निघाले, तेव्हा बोलोतची आई उंबऱ्यात आडवी झाली. उलकान आपा.

पांढऱ्या केसांना ओलांडून आमच्यात कोणी जात नाही. कसलीही पोरगी असो, तिथे बसते. शंभरातल्या नव्याण्णव बसतात.

मी ओलांडलं.

मागून ओरडली, "मला तुडवून जातेस! तुला घर लाभायचं नाही, तुझ्या पोटच्यांना लाभायचं नाही!" मी वळून बघितलं. हात वर, पण तळवे खाली जमिनीकडे. दुआ मागताना तळवे आभाळाकडे असतात. तिनं उलटी दुआ दिली. बाबा दोन वर्षं माझ्याशी बोलले नाहीत. का पळवलं म्हणून त्यांना विचारलं नाही, मला विचारलं — का ओलांडलंस?

१९ फेब्रुवारी

तिलेक मुल्ला दाढदुखीची गोळी न्यायला आला. तरुण आहे, शिकून आलाय, माझ्यासमोर जरा लाजतो. विचारलंच. म्हणाला, "साबिराताई, देव एकाचं ओझं दुसऱ्याच्या पाठीवर टाकत नाही. तुम्ही काही केलं असलंच तरी लेकीला का भोगायला लावेल? आणि दुखणं म्हणजे शिक्षा नाही, परीक्षा असते."

"पास झालं की काय मिळतं?"

गालावर हात धरून विचार करत बसला. मग म्हणाला, "पुढची परीक्षा." मी हसले, तोही हसला, मग कळवळला दाढेनं. जाताना मात्र दारातून — "तरी पण ताई, आपांना राजी करून घ्या. त्यात तोटा नाही."

बघा! म्हणजे यालाही खात्री नाही.

२० फेब्रुवारी

जूमाश मास्तरांचं बीपी तपासलं. चाळीस वर्षं शाळेत फिजिक्स शिकवलं, देव नाही हे पाठ करून घेतलं आमच्याकडून. म्हणाले, "पोरी, देव शिक्षा देत असता तर आपल्या गावाचा मुखिया केव्हाच आंधळा झाला असता. त्याला तर अजून चष्मासुद्धा लागला नाही."

ते परत जाताना मी खिडकीतून बघितलं. कब्रस्तानाशी मास्तर थांबले, दुआ मागून झाल्यासारखे दोन्ही हात तोंडावरून फिरवले, मग चालू लागले! उद्या विचारलं तर म्हणतील, सवय.

२१ फेब्रुवारी

बीपी एकशे सत्तर. झोप नाही. मिठाच्या चहात दोनदा मीठ घातलं.

२४ फेब्रुवारी

आज चोलपोनचा चहा प्यायले. म्हातारी झोपली होती. चोलपोन खिडकीशी मशीनवर कोणाचा तरी कोट शिवत बसलेली. मी आल्यापासून ही बाई माझ्याशी धड बोलली नव्हती. मला वाटायचं, रागानं. मी गेले त्यानंतर आठ दिवसांनी बोलोतनं हिला आणलं होतं, शेजारच्या गावातून.

मशीन न थांबवता म्हणाली, "माझ्या वेळीही आपा तिथेच आडव्या झाल्या. मी बसले. ओलांडलं नाही."

मी बशीतलं बिस्किट उचललं.

"आपांना राग येऊ दिला नाही. चार वर्षं हागणं-मुतणं काढतेय. बोलोत पिऊन आला की मीच बूट काढते. थोरल्या पोरीला सतराव्या वर्षी उचलून नेलं, तिच्या उंबऱ्यातही एक म्हातारी. तिनं मला फोन केला, आई काय करू? मी म्हटलं, ओलांडू नकोस, बस." मशीन थांबलं. "तुझ्यावर शाप आहे म्हणतात ना? असेल. पण मग मी ओलांडलं नाही, त्याचं बक्षीस कुठंय? तू नर्स आहेस, शिकलेली. सांग."

बिस्किट खाल्लं मी. लाज वाटली, पण खाल्लं.

१ मार्च

आज बोलली म्हातारी. चोलपोन गोठ्यात होती. अर्धं तोंड वाकडं, शब्द चावून चावून येतात, पण डोकं शाबूत.

"तू तुर्गुनची पोर, साबिरा."

"हो आपा."

"पहिल्या दिवशी जाड सुई घेतलीस."

"हो."

"दुसऱ्या दिवशी बारीक का?"

"बर्फावर घसरले म्हणून."

हसली! अर्ध्या तोंडानं, पण पोट हलेपर्यंत. मग मीही हसले. आणि हसता हसता बोलून गेले — आपा, लेक हॉस्पिटलात आहे, सातवा संपत आलाय, तळवे सरळ करा. एकदा. डावा तर चालतो ना, डावाच सरळ करा.

ती म्हणाली, "मी तुझ्याकडे मागणार होते. तू आधी म्हण, माफ केलं."

"मी? तुम्ही शाप दिलात!"

"पाय बघ माझे. तुझ्यासाठी आडवी पडले, आठ दिवसांनी चोलपोनसाठी पडले. देव म्हणाला, म्हातारे, तुला आडवं पडायची एवढी हौस, तर पड आता कायमची. चार वर्षं झाली. तू माफ कर, म्हणजे तो उठवेल. नाहीतर नेईल तरी."

"आधी तुम्ही."

"आधी तू."

"नाही. आधी तुम्ही!"

दोन चांगल्या जाणत्या बाया, आणि पोरींसारखं आधी तू, आधी तू! मी पिशवी उचलली आणि निघून आले. इंजेक्शन दिलं होतं, तेवढं बरं.

घरी येईपर्यंत डोकं भणभणत होतं. तिला वाटतं देवानं तिला शिक्षा केली. मला वाटतं मला केली. एकाच दुपारची, दोघींना! आणि बोलोतला? गाडी त्याची, हात त्याचे. त्याची तब्येत घोड्यासारखी आहे.

२ मार्च

गेले. ती झोपली होती. की सोंग होतं? मीही उठवलं नाही.

४ मार्च

सकाळी डॉक्टरांचा फोन. आणखी थांबता येणार नाही, उद्या ऑपरेशन. आईनं यावं.

गावातून नारीनला जाणारी टॅक्सी आज एकच. बोलोतची. बसले. करते काय? वाटभर गाणी लावली त्यानं. घाटात म्हणाला, "साबिरा, तेव्हा पोरकटपणाच होता ग. माझ्या मनात काही नाही हं."

त्याच्या मनात काही नाही!!

५ मार्च

मुलगी. अकरा चाळीसला. एक किलो आठशे. रडली. मी दाराबाहेरून ऐकलं आणि खालीच बसले, जमिनीवर. काचेच्या पेटीत ठेवलंय. बेगाइम शुद्धीवर आहे, बीपी उतरतंय.

आईला फोन केला. ती आधीच रडत होती. उलकान आपा गेली. अकरा दहाला.

"बघ!" आई ओरडली. "अकरा दहा आणि अकरा चाळीस! गेली आणि शाप घेऊन गेली. की मरताना तिनंच सोडवलं? चोलपोनला विचारते."

मागे मास्तरांचा आवाज. मातीची खबर द्यायला आले असणार — "कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ, दुसरं काही नाही." आईनं त्यांना काय सुनावलं ते लिहीत नाही.

मला हेच टोचतंय — आधी तू, आधी तू करून मी उठून आले. तिनं काय मागितलं होतं? दोन शब्द.

७ मार्च

मातीला पोचले. अंगणात तंबू, आत बायका, भिंतीकडे तोंड करून हुंदके. आईनं चोलपोनला गाठलंच. शेवटी काय म्हणाली? हात कसा होता? तळवा वर की खाली? साबिराचं नाव घेतलं का?

चोलपोन म्हणाली, "शोर्पोच्या रश्श्यात मीठ कमी आहे म्हणाली. मग गेली."

बस! एवढंच. ना शाप परत, ना दुआ. काहीच फिरवलं नाही तिनं. आणि बाळ तिकडे पेटीत हातपाय झाडतंय. मग मी तेवीस वर्षं कशाला घाबरले? की अजून घाबरायचंय? हिला काही झालं तर? दहा वर्षांनी, वीस वर्षांनी? याला अंत आहे का नाही?

बाहेर तिलेक मुल्लानं रीतीप्रमाणे पुरुषांना विचारलं, "कशी होती ही बाई?" सगळे म्हणाले, "चांगली होती." तंबूच्या आतून मीही म्हणाले. हळू. कोणाला ऐकू गेलं नाही. तिला गेलं असेल तर गेलं.

२९ मार्च

दोन किलो तीनशे! बेगाइम आणि बाळ माझ्याकडे आली. आई बाळाच्या पाळण्याला काळा मणी बांधते, मी काढते, ती बांधते. आज राहू दिला.

१४ एप्रिल

काल उलकान आपाचा चाळिसावा झाला. अख्ख्या गावासाठी चोलपोननं एकटीनं पिठाचे बोर्सोक तळले. मान वर केली नाही.

आज सकाळी ती आमच्या दारात उभी. एका हातात गाठोडं, दुसऱ्यात शिवणयंत्र. मी म्हटलं, "बोलोतनं जाऊ दिलं?"

"ओरडला खूप," ती म्हणाली. "पण दारात आडवं पडायला आता कोणी नाही ना."

आईच्या मांडीवर बाळ होतं. तिनं ते माझ्या हातात दिलं, गुडघ्यांवर हात टेकून उठली आणि दाराकडे निघाली. पांढरे केस, पांढरा रुमाल — आता हीही आडवी होणार? आई उंबऱ्यापाशी गेली, वाकली आणि चोलपोनच्या हातातलं यंत्र घेतलं.

"ये ग," म्हणाली. "ओलांड आणि आत ये."