सगळीकडे म्हणजे कुठे

बाई,

ती लेखी परीक्षा पास झाली. काल दुपारी कंपनीच्या प्रशिक्षण विभागातल्या साहेबांनी फोनवर तसं सांगितलं आणि संध्याकाळी तिच्या मोबाइलवर आलेला मेसेज मी स्वतः वाचला. दोन ठिकाणांहून पक्की झाल्याशिवाय बातमी सोडायची नाही, ही वर्तमानपत्रातली सवय निवृत्तीनंतरही गेलेली नाही. तोंडी परीक्षा सोमवारी, रोह्याला. ती कोण, हे तुम्हाला ठाऊक असण्याचं कारण नाही. तुम्ही गेलात तेव्हा तिचा जन्मही झालेला नव्हता.

पेणला माझ्या घराच्या खालीच गणपतीच्या मूर्तींचा कारखाना आहे, तिथे ती रंगकाम करते. सासर वडखळच्या पुढे, खाडीकाठच्या गावात. सासरे मिठागरात राबले, ते मिठागर बंद पडलं. नवरा मिळेल ती गाडी चालवतो. गणपती गेले की कारखान्यातलं कामही कितीतरी दिवस मंदावतं. आता रोह्याच्या एका केमिकल कंपनीत कंट्रोल रूमची कायमची जागा निघाली आहे. कुठे काही सांडलं, गळलं, पेटलं की फोनवरून ताबडतोब कळवायचं, असं काम. ड्यूटीवरचे इंजिनीअर निम्मे बाहेरच्या राज्यांतले, म्हणून इंग्रजीतून. तोंडी परीक्षेत एक चित्र पुढे ठेवतात, हातात फोन देतात आणि चित्रात काय चाललंय ते पलीकडच्या माणसाला सांगायला लावतात. वयाच्या अटीत ती यंदा कशीबशी बसते. पुढच्या वर्षी बसणार नाही.

म्हणून एका दुपारी ती रंगाच्या हातांनीच वर आली. "काका, हे स्प्रेड, स्कॅटर, स्पिल, सगळं एकच ना वो? आनि त्याच्यामागं परत आउट, ओव्हर, अराउंड. पसरलं म्हंजे पसरलं. इंग्रजांना काय धंदा नव्हता काय?" तिचं ऐकताना मला तुमचं स्वयंपाकघर आठवलं.

रविवारची सकाळ आहे. रोह्यातल्या तुमच्या घरी आम्ही वर्गातली मुलं भिंतीला टेकून बसलोय. तुम्ही कुरमुऱ्यांनी भरलेलं सूप उचलता आणि फरशीवर उपडं करता. बाहेर ओटीवर पेपर वाचणारे तुमचे यजमान मान न वळवता विचारतात, "आज काय सांडलंस?" तुम्ही म्हणता, "इंग्रजी." मग माझ्याकडे बोट. कुरमुरे कुठे गेले? मी ऐटीत सांगतो, "एव्हरीव्हेअर." तुम्ही पदर खोचून माझ्यासमोर उभ्या राहता. "असं? माझ्या अंबाड्यात गेले? पिठाच्या डब्यात गेले? त्या कोपऱ्यात एक तरी दाखव. नाही ना? मग सगळीकडे म्हणजे कुठे रे?" सगळे हसतात, माझे कान तापतात. हसणं थांबल्यावर तुम्ही म्हणालात, "सगळीकडे हा शब्द न बघता बोलणाऱ्याचा. कुठे गेलं नाही ते आधी बघ. मग कुठे गेलं ते आपोआप नीट सांगता येतं."

त्यानंतर तुम्ही शिकवलंत ते आजही मला जसंच्या तसं वापरता येतं. पहिला शब्द काय घडलं ते सांगतो, मागचा चिमुकला शब्द बहुतेक वेळा वाट दाखवतो. मधून बाहेरच्या बाजूला गेलं तर आउट. कडेवरून पलीकडे गेलं किंवा वरून झाकून टाकलं तर ओव्हर. धरबंध नाही, क्रम नाही, तर अराउंड किंवा अबाउट. एखाद्या गोष्टीतून आरपार आलं तर थ्रू. हे पटवण्यासाठी तुम्ही चुलीवरचं दूध मुद्दाम उतू जाऊ दिलंत आणि "बॉइल ओव्हर!" असं ओरडलात, तेव्हा ओटीवरून आवाज आला, "अगो, दूध तरी मराठीत तापव!" फरशी आम्ही पुसली. कुरमुरे आम्हीच वेचले, आणि वेचता वेचता प्रत्येकाने आपल्याला सापडलेला कुरमुरा कुठून उचलला ते इंग्रजीत सांगायचं होतं.

माझ्या घरात कुरमुरे उधळायला मला जमलं नसतं. मी तिला खाली अंगणात नेलं. कच्च्या मूर्ती उन्हात वाळत होत्या. या कशा ठेवल्यात, असं विचारल्यावर ती म्हणाली, "स्कॅटर्ड." डोळ्यांची आखणी करणारे म्हातारे कारागीर तिथेच चहा पीत होते. "म्हंजे काय केलं?" त्यांनी मला विचारलं. मी म्हटलं, उधळून टाकल्या. ते म्हणाले, "बाप्पाला उधळतेस? शेठच्या कानावर गेलं तर तुला उधळील तो." तिला हसू आवरेना. मग तिनेच समजावलं, की एकीचा हात दुसरीला लागून मोडू नये म्हणून मध्ये वीतभर जागा सोडून मांडतात. "म्हंजे स्प्रेड आउट. आनि ही पांढरी पावडर माझ्या केसांत, कपड्यांवर, ती ऑल ओव्हर." बरोबर, म्हटलं.

पण सगळीकडे म्हणायचं नाही, हा तुमचा नियम सांगितला तेव्हा ती अडली. "ते नाय पटत, काका. बांधाला खांड गेली ना, तर पानी सगळीकडंच जातं. तुमच्या बाईंनी खाडी बघितली नसंल." खांड म्हणजे खाडीच्या बांधाला पडलेलं भगदाड. उधाणात ते पडलं की खारं पाणी थेट भातशेतात शिरतं. तिच्या लग्नानंतर लगेचच तसं झालं होतं. मग मी वार्ताहराला विचारावं तसं विचारत गेलो. तू कुठे होतीस? "ओटीवर. सासू वरडत होती, 'गो, तांदूळ माळ्यावर टाक, उभी काय रायलीस फोटो काढल्यावानी!'" पाणी आधी कुठे आलं? "खालच्या शेतांत. मंग वाटेवर. मंग आमच्या पायरीला." आणि मग? "मंग काय? देवळाच्या जोत्यावर नाय आलं. म्हून तर म्हातारी मानसं तिकडं नेली."

एवढं बोलून तिने हातातला ब्रश कानाला फोनसारखा लावला, मूर्तींकडे पाठ केली आणि बोलायला लागली. "सर, वॉटर इज कमिंग थ्रू द बंड. इट हॅज स्प्रेड ओव्हर लोअर फील्ड्स. नाऊ ऑन द रोड. टेंपल इज ड्राय. सेंड पीपल देअर." आयुष्यभर मी दुसऱ्यांच्या मजकुरात लाल शाई फिरवत आलो, बाई. या मजकुराला हात लावला नाही. कारागीर म्हणाले, "मला कळलं नाय, पन मी गेलो असतो देवळात."

त्या दिवसापासून ती दिसेल त्याची वर्दी देते. रंग सांडला, नळ गळला, कोंबड्या पांगल्या. सासू म्हणते, सून घरात कमी आणि फोनवर जास्त, तोही खोटा फोन. चुका होतात. घाई झाली की क्रियापद हरवतं. पण कुठे गेलं आणि कुठे नाही, हे आता ती चुकत नाही, आणि त्या खुर्चीवर बसणाऱ्याकडून तेच हवं असतं. तिचं काम होईल असं मला वाटतं.

सोमवारी सकाळी तिला बोलावलंय. निकाल त्याच दुपारी सांगणार आहेत, निवड झालेल्यांचं प्रशिक्षण लगेच सुरू होईल. हे पत्र टपालात पडणार नाही, त्यामुळे तुम्हाला एक सांगायला हरकत नाही. तिला मी म्हटलंय, परीक्षेला एकटीनेच जावं, आणि मला त्या दिवशी पेणमध्ये काम आहे. काम काही नाही. मी तिच्या आधीच्या एसटीने रोह्याला जाणार आहे. तिथे कुंडलिका नदीच्या काठावर बसून राहीन, आणि तिचा फोन आला की घरीच आहे असं सांगेन.