गाडीपुढचा पुठ्ठा

आबा, तुमची गाडी तापत नव्हती. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली आणि लिहायला बसले तर पहिलं वाक्य हेच सुचलं, त्याला माझा इलाज नाही. आपल्याकडे लोक रडतात ते गाडी तापते म्हणून. उन्हाळ्यात शहाद्याच्या रस्त्यावर बॉनेट उघडून उभ्या असलेल्या गाड्या मी लहानपणापासून बघत आले. तापत नाही म्हणून रडणारी मी एकटीच असेन. पण तुमच्या जावयांची दोन्ही मूत्रपिंडं थकली आहेत आणि आठवड्यातून दोनदा त्यांना डायलिसिसला लोणखेड्याहून नंदुरबारला न्यावं लागतं. सकाळी अंधुक असतानाच निघतो. पौषातलं धुकं तुम्हाला माहीत आहे. प्रकाशाच्या पुलावर तर समोरची काच आतून पांढरी होते आणि मी एका हाताने ओढणीचं टोक फिरवत गाडी चालवते. जाताना चालून जातं. येताना यांच्या अंगात हुडहुडी भरलेली असते, दात वाजतात, आणि इंजिनच तापत नाही तर हीटरला ऊब कुठली; मी तो सुरू केला की तोंडावर गार वारा येतो. गोधडीतून हे म्हणतात, "बंद कर वं ते, त्यान्हापेक्षा बाहेरनी हवा बरी." हसवायला म्हणतात, हे मला कळतं. मला हसू येत नाही.

आधी मी शहाण्यासारखं शोरूमच्या माणसाला विचारलं. त्याने तापमान दाखवणाऱ्या काट्याचा सेन्सर बदलला. सेन्सर नवा झाला आणि काटा तिथेच खाली पडून राहिला. रोग रेड्याला आणि औषध पखालीला. मग तो म्हणाला, मॅडम, गाडी म्हातारी झाली, विकून टाका. मी त्याला म्हटलं, म्हातारं झालेलं सगळंच विकायला काढलं तर तुझ्याही घरी गर्दी होईल. जीभ तुमच्यावर गेली आहे असं माय म्हणायची, ते खरं आहे. पण रात्रभर मला झोप नव्हती, कारण त्याचं म्हणणं खरं निघालं तर यांना न्यायचं कशातून, हा प्रश्न माझ्यापुढे उभा होता. भाड्याची गाडी मिळते, नाही असं नाही. पण परतीच्या वाटेत यांना उलटी आली की मी हवी तिथे थांबते, हवा तितका वेळ थांबते, आणि कपाळाला आठी पडलेला ड्रायव्हर तिथे नसतो.

तेव्हा मला पुठ्ठा आठवला. दिवाळी झाली की तुम्ही खोक्याचा पुठ्ठा कापून रेडिएटरच्या पुढे, जाळीच्या मागे, सरकवून ठेवायचात आणि होळीला काढायचात. आम्हाला वाटायचं, आबा बैलांना झूल घालतात तशी गाडीलाही घालतात. तुमच्यामागे मीही दर वर्षी घालत आले, कारण विचारलं नाही. यंदा दिवाळीत घातलेला पुठ्ठा गाडी धुताना लगदा होऊन वाहून गेला आणि यांच्या आजारपणात नवा घालायचं राहिलं. नवा कापायला मी कात्री घेतलीही होती. मग मनात आलं, मी शिकवते त्या शाळेच्या आवारात एवढ्या गाड्या लागतात, त्यांतल्या एकीलाही पुठ्ठा नसतो. आपल्याच गाडीला का लागतो?

दुसऱ्या सकाळी थंड गाडी सुरू केली, बॉनेट उघडलं आणि इंजिनातून रेडिएटरकडे जाणाऱ्या वरच्या पाइपवर हात ठेवून उभी राहिले. इंजिन पुरतं तापेपर्यंत हा पाइप गार राहायला हवा, मग एकदम चटका बसायला हवा. मध्ये एक वॉल असतो, झडपेसारखा; तो पाण्याला तोवर अडवून धरतो. एवढं मी वाचून काढलं होतं. पाइप गार राहिलाच नाही. इंजिनाबरोबर तोही हळूहळू कोमट होत गेला, आणि कोमटच राहिला. म्हणजे वॉल उघडा अडकलेला होता. मी खुशीत फाट्यावरच्या मिस्तरीकडे गेले, तुमच्याच मिस्तरीकडे; आता डोळ्यांना जाड चष्मा आहे त्यांच्या. त्यांनी नट खोलले, झाकण उचललं आणि माझ्याकडे न बघताच म्हणाले, "ताई, आठे वॉलच नही शे." मी म्हटलं, नाही म्हणजे? कोणी काढला? त्यांनी हात पुसले. "मीच काढेल शे. आबासनी सांगं व्हतं. तुम्हनी माय गयी, त्यान्हा मांगे." तेव्हा सगळेच काढायचे म्हणे. आपल्याकडच्या उन्हात वॉल कशाला पाहिजे, गाडी उकळायची भीती नको, असा सगळ्या मिस्तरींचा हिशेब होता. थंडीत पुठ्ठा लावून वारा अडवला की झालं.

तो दिवस मी विसरलेली नाही, आबा. वैशाखातली दुपार. मायच्या छातीत कळ आली म्हणून आपण कळसाडीहून नंदुरबारच्या दवाखान्यात निघालो, तुम्ही हीच गाडी चालवताय, माय पुढे, मी मागे. पुलाच्या अलीकडे बॉनेटमधून वाफ येते. तुम्ही उतरता, बॉनेट उघडता आणि घाईत हातरुमालाने रेडिएटरचं झाकण फिरवता. पाणी उसळून तुमच्या तळहातावर येतं. माय निंबाखाली बसली आहे, तिचा घाम थांबत नाही, आणि ती म्हणते काय, "दखाडा माले तुम्हना हात." शेवटी केळीच्या ट्रॅक्टरवाल्यांनी त्यांच्या कॅनमधलं पाणी दिलं आणि आपण पोचलो. उशिरा पोचलो की वेळेत, ते डॉक्टरांनी सांगितलं नाही आणि आपणही विचारलं नाही. दोन दिवसांनी माय गेली. त्यानंतर घरातून कोणीही गाडी काढली, गावातल्या गावात का होईना, की ओट्यावरून तुमचा आवाज यायचा, "पानी देखी लिधं का?" आम्ही पाठ फिरवून हसायचो. म्हातारपणी एकेकाला एकेक खूळ लागतं, असं म्हणायचो.

मिस्तरींना मी एवढंच विचारलं, काढला तेव्हा वॉल खराब होता का? ते म्हणाले, "मी म्हनं आबासले, उकळता पानीमा टाकी देखूत, बिघडेल शे का चांगला शे ते समजी जाई. ते म्हनेत, नको, देखानं काही काम नही. आबासनी वॉल खिसामा टाका नि चालना ग्यात."

तिथे उभ्या उभ्या मला तुमचा राग आला. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, हे मी समजू शकते. पण वॉल बंदच अडकला असेल, तर गाडी उकळली तो दोष वॉलचा होता. आणि तो चांगला असेल तर मग निघताना गाडीत पाणी नव्हतं, आणि ते बघायचं काम तुमचं होतं. तुम्हाला यातलं काहीच नक्की व्हायला नको होतं. तेवढ्यासाठी तुम्ही इतके हिवाळे थंड इंजिन चालवलंत, डिझेल जाळलंत, आणि पुढे पुठ्ठा लावून आम्हाला दाखवलंत की ही काळजी आहे. एकदा बोलायचं होतं, आबा. मी काही परकी नव्हते.

मिस्तरींनी नवा वॉल मागवून दिला. नाही बसवला तर हे गारठणार. बसवला आणि वैशाखात पुलाच्या अलीकडे तो बंदच राहिला, तर मागच्या वेळी माय होती तिथे हे असतील. म्हणून तो मी आधी घरी आणला. पातेल्यात पाणी ठेवलं, वॉलला दोरा बांधला आणि पाण्यात सोडून गॅसपाशी उभी राहिले. हे काठी टेकत आले. "काय रांधी ऱ्हायनी वं आज? मीठ कमी टाक, डॉक्टरनी सांगेल शे." मी म्हटलं, गप्प बसा आणि बघा. पाण्याला बारीक बुडबुडे यायला लागले तशी वॉलची चकती हलली आणि सावकाश वर उचलली गेली. बाहेर काढून ठेवला तर आपोआप मिटला. मी पुन्हा सोडला. पुन्हा उघडला. यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "आते पुरे. त्याले दम खाऊ दे." तेव्हा मला रडू आलं.

वॉल बसवला. पुढच्या खेपेला शहादा सोडून थोडं पुढे गेलो तोच काटा मध्यावर आला आणि खिळल्यासारखा तिथेच राहिला. येताना हीटर लावला. यांनी गोधडी गुडघ्यांपर्यंत खाली सरकवली, मग पायाशी टाकली, आणि पूल येण्याआधीच झोपले. त्या निंबाजवळून जाताना मी रस्त्यापेक्षा काट्याकडेच जास्त पाहिलं. उन्हाळा अजून यायचा आहे, आणि मला त्याची भीती वाटते. हल्ली निघताना मीही आधी पाणी बघते, आणि बघून झाल्यावर हे आतून विचारतात, "पानी देखी लिधं का?" चेष्टेने विचारतात. मी "हो" म्हणते, मोठ्याने.

आता राहिलेलं सांगते. परवा कळसाडीच्या घरी गेले होते, झाडलोट करायला. फडताळात तुमचा खिळ्यांचा डबा होता. तो मी मुद्दाम शोधला असंच म्हणा. तळाशी, मायच्या जुन्या लुगड्याच्या चिंधीत गुंडाळलेला वॉल निघाला. हातात घेऊन पाहिला, मिटलेला होता. पण थंड असताना चांगलाही मिटलेलाच असतो, बिघडलेलाही असू शकतो. पाण्यात टाकल्याशिवाय कळत नाही. सिलेंडरमध्ये गॅस होता. मायचं चहाचं पातेलं घासून घेतलं, पाणी भरलं, ठेवलं, आणि वॉलला दोराही बांधला. पाणी चांगलं खळखळायला लागलं. मग पाण्यात न टाकताच दोरा सोडवला, वॉल चिंधीत होता तसा गुंडाळला, डब्याच्या तळाशी ठेवला आणि वर खिळे लोटले. हे पत्र पोचण्यासारखं असतं तरी मी धाडलं नसतं, कारण त्या दिवशी पाणी बघितलं होतं की नाही, ते तुम्ही उत्तरात खरं लिहिलं असतं. पाणी वाया घालवलं नाही, आबा. त्याचा चहा केला.