तो घोडा माहेरी गेलाच नाही

प्रिय वहिनी,

तुला जाऊन वर्ष होत आलं आणि आज मी तुझ्याशी भांडायला बसले आहे. जिवंतपणी तू कधी तोंड वर करून भांडली नाहीस. आता तर उत्तरही देणार नाहीस. तरी ऐक.

आज दुपारी मी तो पिक्चर पाहिला. उडत्या घोड्याचा! माझ्या सुनेनं, पूजानं, मोबाइलवर शोधून काढला. परवा मी तिला माहेरी जायला नाही म्हटलं, तेव्हापासून ती माझ्याशी कामापुरतंच बोलते. पण ती लग्न होऊन आल्यापासून मी त्या पिक्चरवरून तिचं डोकं खात आले, त्यामुळे सापडल्यावर तिलाही राहवलं नाही. पिक्चर तोच, फक्त आता हिंदीत डब केलेला. आणि वहिनी, तू मला पस्तीस वर्षं फसवलंस!

आठवतं ना? दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेला तुझा भाऊ सिरोंच्याहून ती तेलुगू पिक्चरची कॅसेट घेऊन आला होता. खरं तर तो तुला न्यायला आला होता. आईनं त्याला पाणी देता देताच सांगून टाकलं, "धान निघू दे, मंग जाईन ते."

दादानं आरमोरीहून टीव्ही आणि व्हीसीआर भाड्यानं आणला. भर दुपारी खिडक्यांना पोती लावून अंधार केला आणि अर्धं गाव आपल्या घरात येऊन बसलं. तेलुगू समजणारे तुम्ही बहीणभाऊ दोघंच, आणि त्याला मराठी धड येत नव्हतं. मग तूच स्वयंपाकघराच्या दारात बसून सगळ्यांना सांगत होतीस. डोक्यावर पदर, मांडीला टेकलेली मी. एवढं बोलताना तुला गावानं पहिल्यांदाच ऐकलं असेल.

वाघ आला तेव्हा काय हसले लोक! कातडं पांघरून रांगणारा माणूस तो. आपल्याकडं शेंबड्या पोरालाही कळतं वाघ कसा चालतो. आई म्हणाली, "अवं, या वाघाच्या पायात चप्पल दिसून राह्यली!" आज मी निरखून पाहिलं. चप्पल आहे, वहिनी, खरंच आहे! राक्षसाचं एक डोकं लढता लढता गळून पडतं आणि तोच ते उचलून पुन्हा लावतो. घोड्याच्या पोटाखालची दोरीही दिसते. सगळं जसंच्या तसं होतं. मला किती बरं वाटत होतं!

फक्त शेवट तो नव्हता.

तू काय सांगितलं होतंस? राक्षस मेल्यावर राजकन्या राजकुमाराला म्हणते, "लगन मंग करू. पयले मले नान्नाच्या घरी सोड." नान्ना म्हणजे बाप, हे मला तूच शिकवलंस. मग घोडा भरल्या नदीवरून उडतो आणि तिला बापाच्या दारात उतरवतो. आज मी पूजाला आधीच सांगून ठेवलं, "आता बघ, आता ती काय म्हणते!" आणि ती बया त्याच्या पायाच पडली. म्हणते, तुमचं घर तेच माझं घर, आता मागे वळून पाहणार नाही. घोडा नदीवरून उडतो, हे खरं. पण तो महाल राजकुमाराचा आहे!

"आई, इथी तर ती तसं काईच नाई म्हणत," पूजा म्हणाली. मग तिनं विचारलं, "मंग ती घरी कधी गेली?"



वहिनी, असं काऊन केलंस? सगळ्या गावासमोर, आई समोर बसलेली असताना, तू पिक्चरच्या आडून बोलत होतीस आणि आम्ही चपलेवर हसत होतो. तुझ्या भावाला तर सगळं समजत होतं. तो कोपऱ्यात खाली मान घालून बसला होता, हे मला आज आठवतंय. दुसऱ्या दिवशी तो एकटाच परत गेला.

धान निघालं, तर मळणी आली. मळणी झाली, तर मोहफुलं आली. मग पाणी लागलं आणि नदी भरली. आणि रोज संध्याकाळी मी तुझ्याकडून त्या घोड्याची गोष्ट ऐकायचे, राजकन्या घरी पोचेपर्यंत.

पण माझा खरा राग वेगळाच आहे. विहिरीवर तू मला म्हणाली होतीस, "रंजूबाई, आई तुमचं आयकते. तुमी सांगा ना." नऊ वर्षांच्या पोरीला तू बाई म्हणायचीस! मी घरातलं शेंडेफळ, माझा शब्द खाली पडत नव्हता. आणि मी आईला काय सांगितलं? "वैनीले नको पाठवू. मले घोड्याची गोष्ट कोन सांगन?" आईनं ते तुला कौतुकानं सांगितलं. तू हसलीस आणि त्या संध्याकाळी मला गोष्ट सांगितलीस. एक चापट तरी मारायची होतीस गं!

तू माहेरी गेलीस ती थेट नान्नांच्या तेरवीला.

तू परत आल्यावरही मी गोष्टच मागितली. शेवटी नेहमीसारखं विचारलं, "पोचली काय?" आणि तूही नेहमीसारखंच म्हणालीस, "पोचली, रंजूबाई. नदी भरून होती, तरी पोचली." कशी म्हणालीस? कुठून आणलास तो आवाज?

पूजाचं माहेर वरोऱ्याला. आमच्या मूल गावाहून तीन तासांचा रस्ता, मध्ये पूर नाही की काही नाही. तिच्या वडिलांना बरं नाही. परवा तिनं विचारलं तेव्हा मी तांदूळ पाखडत होते. मान वर न करता म्हणाले, "धान निघू दे, मंग जाजो." शब्द आईचे, सूरही आईचाच. तेव्हा मला काहीच वाटलं नाही, आणि याचीच आता लाज वाटते.

म्हणून तुला वचन देते. उद्या सकाळच्या बसनं पूजा जाते आहे. तिची पिशवी मीच भरली. धान चार दिवस उभं राहिलं तरी चालेल. परत कधी येशील, हे मी तिला विचारणार नाही. दुपारी फोन करीन आणि तुला विचारायचे, तेवढंच विचारीन, "पोचली काय?"

तुझी नणंद,
जिला तू उगाच बाई म्हणायचीस ती,
रंजू